नाहूर

सहलीआधी दादरच्या ऑफिसात आमची एक मीटिंग असते. नामिबियाच्या त्या ग्रुपमध्ये सोळा जण होते, आणि यादीत एकाच नावासमोर मी पेन्सिलीने फुली मारली होती. एका सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर, वय ६७, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. यांना टेकडीवर न्यायचं नाही. ठाण्याच्या जिमवाल्या मुलासमोर अर्थातच काही खूण नव्हती.

नामिब वाळवंटात शिरायचं सेस्रीमचं गेट सूर्य उगवता उगवता उघडतं. तिथून साठेक किलोमीटर डांबरी रस्ता. पंचेचाळिसाव्या किलोमीटरला ती वाळूची प्रसिद्ध लाल टेकडी, म्हणून नाव ड्यून ४५. शेवटचे पाच किलोमीटर नुसती वाळू. तिथे आमचा मोठा ट्रक सोडून फोर बाय फोर घ्यावी लागते. पुढे डेडव्लेई. पूर्वी त्साउचाब नदीचं पाणी इथवर यायचं. वाळूने वाट अडवली, तळं आटलं, झाडं वाळली. त्याला सहाएकशे वर्षं झाली, पण हवा इतकी कोरडी की ती कुजायचीही राहून गेलीत. पांढऱ्या मातीवर काळे खुंट, आणि डोक्यावर बिग डॅडी ही वाळूची टेकडी, सव्वातीनशे मीटर.

माझे नियम गाडीतच सांगून झाले होते. माणशी दोन लिटर पाणी, डोक्यावर टोपी, नऊला सगळे खाली. त्यावर ठाणेकर म्हणाला, "दादा, घामच येत नाहीये, शर्ट बघा."

शर्ट खरंच कोरडा होता. आपण मुंबईची माणसं, ऑक्टोबरात दादरचा पूल चढलो की शर्ट पाठीला चिकटतो, त्यावरून उकाड्याचा अंदाज घेतो. वाळवंटात घाम कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो. अंगातलं पाणी जातच असतं, फक्त पुरावा राहत नाही. हे मला माहीत होतं. पठ्ठ्याने बिग डॅडी चढताना अर्ध्या धारेवर बाटली वाळूत खोचून ठेवली, ओझं नको म्हणून, तेही मी खालून पाहिलं. हाक मारली नाही. पैसे भरलेल्या माणसाला सारखं काय टोकायचं, असा आमच्या धंद्यातला एक रोग आहे.

उतरताना तो उभ्या उतारावरून सरळ डेडव्लेईत धावत आला. बाटली वरच राहिली. सव्वादहाला गाडीपाशी पोचला, भडाभडा ओकला आणि चाकाला टेकून बसला. चेहरा पिठासारखा.

मी फर्स्ट एडची पेटी शोधत होतो, तोवर सिस्टर गाडीतून उतरल्या होत्या. त्याला काटेरी बाभळीच्या सावलीत आडवं केलं, पाय सॅकवर ठेवले, कुणाची तरी ओढणी भिजवून मानेवर टाकली. दोघांना टोप्यांनी वारा घालायला लावलं. मग खणखणीत आवाजात, सगळ्यांदेखत,

"लघवी शेवटची कधी झाली?"

"पहाटे... पाचला."

"रंग?"

सगळे दुसरीकडे बघायला लागले. त्याने कसंबसं सांगितलं, "चहासारखा."

"बरं. ठाण्याहून स्लो गाडी पकडलीयस. स्टेशनं सांग दादरपर्यंत."

मला वाटलं, ही काय वेळ आहे! तो डोळे मिटून पुटपुटला, "मुलुंड... भांडुप... कांजूर..."

नाहूर राहिलं! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, बाकी सगळं ओळीने आलं.

"नाहूर?"

"तिथं कोण उतरतं, मावशी?"

सिस्टर हसल्या. "शुद्धीवर आहे." लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट विरघळवून घोट घोट पाजायला घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बरळला असता ना, तर ओआरएस पाजत बसलो नसतो आपण."

दुपारी उन्हं कलल्यावर बाकीच्यांना सेस्रीमच्या घळीत नेलं. ही त्याच नदीने कापलेली, तीसेक मीटर खोल. भिंतींत गोटे असे रुतलेत जसे चिक्कीत शेंगदाणे. चामड्याच्या सहा वाद्या एकमेकींना जोडून इथे खाली बादली सोडत, म्हणून आफ्रिकान्समध्ये सेस रीम. एरवी हा किस्सा मी रंगवून सांगतो. त्या दिवशी दोन वाक्यांत उरकला आणि वर आलो. ट्रकच्या सावलीत तो झोपला होता, सिस्टर शेजारी विणत बसल्या होत्या.

परवा पुढच्या ग्रुपची मीटिंग झाली. सिस्टरना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न लघवीच्या रंगाचा काढला. पुढच्या रांगेतले काका खाकरले, आणि मागून एकाने विचारलं, "नाश्त्याला काय असतं?"