तुम्ही विचारलंत म्हणून: ती नऊच्या बातम्यांची मुलगी गेली कुठे?

मी मराठी वृत्तवाहिनीत बारा वर्षं बुलेटिन प्रोड्यूसर होते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "ती नऊच्या बातम्या द्यायची ना, हल्ली दिसत नाही. काढलं का तिला?"

बहुतेक वेळा काढलेलं नसतं, तिनेच राजीनामा दिलेला असतो. नवी वाहिनी सुरू होणार म्हटलं की प्रत्येक न्यूजरूममध्ये कुजबुज सुरू होते. २००७ मध्ये स्टार माझा आलं तेव्हा हे झालं, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमतच्या वेळी झालं, २०२४ च्या १ मे रोजी एनडीटीव्ही मराठी आलं तेव्हाही. अनुभवी चेहरे मोजके, त्यामुळे ते एकमेकांकडूनच घ्यावे लागतात. आणि खरं सांगायचं तर पगारात बरी वाढ बहुधा तेव्हाच मिळते. काही जणी मात्र दुसरीकडे न जाता थांबतात. पहाटे चारला दाराशी गाडी येते, सहाच्या बुलेटिनला मेकअप करून बसायचं असतं आणि घरी दीड वर्षाचं मूल झोपलेलं असतं. हे किती वर्षं करायचं?

दूरदर्शनचं वेगळं होतं. तिथले अनेक वृत्तनिवेदक पूर्णवेळ नोकरीत नव्हते. अनंत भावे प्राध्यापक होते, मुलांसाठी लिहायचे आणि बातम्याही वाचायचे. प्रदीप भिड्यांचा आवाज तर आमच्या दोन पिढ्यांनी ऐकला. जून २०२२ मध्ये ते गेले तेव्हा माझ्या वडिलांनी टीव्हीसमोर उभं राहून हात जोडले. स्मिता पाटीलही तिथूनच सिनेमात गेली, जीन्सवर साडी गुंडाळून बातम्या वाचणारी मुलगी म्हणून लोक अजून तिची आठवण काढतात. म्हणजे सोडून जाणं तेव्हाही होतं.

मला खुपतं ते त्यानंतरचं गप्प राहणं. संपादक गेला तर निदान बातमी होते, २०१४ मध्ये निखिल वागळे आयबीएन लोकमतमधून बाहेर पडले तेव्हा झाली तशी. रोज रात्री तुमच्या जेवणाच्या वेळी घरात येणारी अँकर गेली, तर दुसऱ्या दिवशी प्रोमोतून तिचा फोटो जातो, तिच्या खुर्चीत दुसरी बसते आणि 'नमस्कार' म्हणते. एवढंच.

आमच्याकडची एक जण नऊ वर्षांनी निघाली. शेवटच्या बुलेटिनच्या ब्रेकमध्ये तिने टॉकबॅकवर, म्हणजे स्टुडिओतून आमच्याशी बोलायच्या लाइनवर, विचारलं, "ताई, शेवटी एक वाक्य बोलू? फक्त धन्यवाद म्हणते." वरून सक्त ताकीद होती. मी पीसीआरमधून, म्हणजे जिथून बुलेटिन चालवतात त्या कंट्रोल रूममधून, तिच्या कानात म्हणाले, "नको गं." तिने मान हलवली, हवामान वाचलं, रोजच्यासारखी हसली. नंतर न्यूजरूममध्ये केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने ज्यांना नऊ वर्षं बातम्या सांगितल्या त्यांना मात्र काहीच कळलं नाही.

ते दहा सेकंद मी द्यायला हवे होते. फार तर मेमो आला असता. प्रेक्षकाला रुखरुख लागते ती उगाच नाही, त्याने पुरात, निवडणुकीत, कोविडच्या त्या भयाण रात्रींत तिच्यावर विश्वास ठेवलेला असतो. त्याला निरोप मिळायला हवा, आणि तिलाही घेता यायला हवा.

सांगलीची माझी मावशी या अँकरबद्दल दर फोनला विचारायची. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा तिच्या मोबाईलवर त्या मुलीचं यूट्यूब चॅनेल लावून दिलं. आता ती शेतीवर, पाण्यावर सविस्तर बोलते, घरच्या टेबलाशी बसून. मावशीने चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"बारीक झालीये गं," म्हणाली. मग आवाज वाढवायला सांगितला.