देवबागला 2 रात्री, मालवणात 2 रात्री

मागच्या खेपेला आम्ही तारकर्लीला पूलवाल्या रिसॉर्टवर उतरलो होतो, जेवणखाण सगळं पॅकेजमध्ये, त्यामुळे झालं काय की मुलं पूलमधून बाहेर येईनात, बुफे चुकू नये म्हणून आम्ही दुपारी हातातलं सोडून परत, आणि सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरूनच बघून घरी आलो. फार रुखरुख लागली होती. म्हणून यंदा डिसेंबरात मुद्दाम 2 रात्री देवबागला होमस्टे आणि 2 रात्री मालवण बाजारपेठेत साधं लॉज घेतलं.

देवबाग म्हणजे एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मधे चिंचोळी पट्टी. रात्री वाढताना होमस्टेच्या काकू म्हणाल्या, "सकाळी रापण ओढतले, बघूक येवा." रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. उजाडताना गेलो तर किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं दोर धरून पावलापावलाने मागे सरकतायत, कोणी बोलत नाही, मुलानेही दोराला हात लावला, तळवे लालबुंद, आणि जाळं वाळूवर आलं तेव्हा आत बांगडे नुसते तडफडत चमकत होते. त्यातलेच दुपारी तिखल्यात, म्हणजे माशांच्या तिखट कालवणात! रिसॉर्टवर असतो तर पत्ताच लागला नसता, सांगणारं कोण तिथे? पण अंधार पडल्यावर देवबागला अडकल्यासारखं होतं, मालवण दहा-बारा किलोमीटर, रात्री रिक्षा मिळेलच असं नाही.

मालवणात सगळं उलट. सकाळी चालत धक्क्यावर, होडी पकडली, किल्ल्यात निवांत फिरलो. 1664 साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी, त्यात वाकून बघताना अंगावर काटा आला. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, मग खाजं (मालवणी गोड खाऊ) घेऊन चिवला बीचवर.

तर जाणाऱ्यांनी आधी देवबाग, मग मालवण असं ठेवा, दमल्यावर गावात राहणं बरं पडतं. होमस्टेला मासे काय हवेत ते आदल्या रात्री सांगा, रोख पैसे ठेवा, आणि फक्त नाश्त्याचंच बुकिंग करा म्हणजे दुपारी परतायची घाई नाही. किल्ला उन्हाच्या आत उरका. भर पावसाळ्यात जाऊ नका, होड्या आणि स्कूबा बंद असतात. ट्रेनने कुडाळला उतरलात तर रिक्षात बसायच्या आधीच भाडं ठरवून घ्या.