तिचा चेहरा मी पाहिलेलाच नाही

रविवार, रात्र

तालीम नऊला संपली. परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली, म्हणून कानात इअरफोन घालून उटा हागेन ही अमेरिकन रंगभूमीवरची नटी ऐकत बसले. ऐकतच, कारण तिच्या ऐन भरातल्या कामाचं पाहायला फारसं काही उरलेलंच नाही.

एडवर्ड आल्बीचं 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?' १३ ऑक्टोबर १९६२ ला न्यूयॉर्कच्या बिली रोझ थिएटरात उघडलं. मार्थाची भूमिका हागेनची. तीन तासांच्या वर चालणारं नाटक, आणि मार्था त्यातला बहुतेक वेळ पिते, ओरडते, हसते, नवऱ्याला सोलून काढते. म्हणून दुपारच्या प्रयोगांना वेगळा संच होता, त्यात मार्था करायची केट रीड. एकाच बाईच्या घशाने दिवसाला दोनदा हे झेपायचं नाही, हे निर्मात्यांना आधीच कळलं होतं. (आमच्या ग्रुपमध्ये मी गेल्या वर्षी तापात दोन प्रयोग केले आणि सगळ्यांनी कौतुक केलं. असो.) नाटक ६६४ प्रयोग चाललं, आणि १९६३ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने मूळ नटसंच घेऊन अख्खं नाटक चार तबकड्यांवर मुद्रित केलं. तेच मी ऐकते आहे. सिनेमाचा कॅमेरा त्या संचासमोर कधी आलाच नाही.

ती ओरडते तेव्हा मला काही होत नाही. आवाज खाली येतो, एखाद्या वाक्याच्या मध्येच ती थांबते, तेव्हा पोटात गोळा येतो. ती तिथे काय करत असेल? ग्लासकडे बघत असेल? नवऱ्याकडे? की कोणाकडेच नाही? स्टॉप आला आणि मी उतरायचं विसरले. पुढच्या स्टॉपवरून चालत आले.


मंगळवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका कागदावर हिशेब मांडला. हिशेब बरोबर आला आणि जेवण गोड लागलं नाही.

टेनेसी विल्यम्सची ब्लांश द्युब्वा. 'स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' १९४७ ला आलं तेव्हा ती जेसिका टँडीची होती. पण दौऱ्यावर गेलेल्या संचात ब्लांश हागेन आणि स्टॅन्ली अँथनी क्विन, दिग्दर्शक हॅरल्ड क्लर्मन. पुढे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवरही तिने ब्लांश केली. १९५१ मध्ये सिनेमा झाला, ब्लांश व्हिव्हियन ली, ऑस्कर तिला.

क्लिफर्ड ओडेट्सचं 'द कंट्री गर्ल', नोव्हेंबर १९५०. दारुड्या, संपत आलेल्या नटाची बायको जॉर्जी. हागेनला याच भूमिकेसाठी १९५१ चं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा नाट्यपुरस्कार. १९५४ मध्ये सिनेमा, जॉर्जी ग्रेस केली, ऑस्कर तिला.

मार्था. हागेनला १९६३ चं टोनी. १९६६ मध्ये सिनेमा, मार्था एलिझाबेथ टेलर, ऑस्कर तिला.

तीन भूमिका, तीन ऑस्कर, आणि तिन्ही दुसऱ्यांच्या घरी. हॉलिवूड नाटकातला हिरा घेतं तेव्हा कोंदणात चेहरा मात्र तिकीट विकणाराच बसवतं, हे टँडीच्याही वाट्याला आलं. त्यात नवल नाही. पण हागेनच्या बाबतीत आणखी एक दार बंद होतं, आणि त्याला कडी बाहेरून घातलेली होती.

तिचा जन्म १९१९ चा, जर्मनीत गटिंगनला. वडील ऑस्कर हागेन कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक. ती लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला गेलं. अठराव्या वर्षी, १९३७ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिस गावी तिने ऑफिलिया केली, आणि समोर हॅम्लेट कोण, तर एव्हा ल गॅलियन. बाई! आपल्याकडे पुरुषांनी नऊवारी नेसून उभं राहायचा काळ मावळत होता त्या सुमाराला तिकडे एक बाई तलवार लावून 'टु बी' म्हणत होती. दुसऱ्याच वर्षी लंट आणि फाँटॅन या नामांकित नट-दांपत्याबरोबर चेखोव्हच्या 'सीगल'मधली नीना. थेट ब्रॉडवेवर.

मग १९४३ चं ऑथेल्लो. आपल्याकडे ऑथेल्लोवरूनच बेतलेला देवलांचा 'झुंझारराव' १८९० मध्येच रंगभूमीवर आला होता, त्यामुळे ही गोष्ट आपल्या ओळखीची. पण अमेरिकेत ऑथेल्लोचं काम खरोखरच एका कृष्णवर्णीय नटाने करणं आणि डेस्डेमोना गोरी असणं, हे ब्रॉडवेवर तोवर झालेलं नव्हतं. ऑथेल्लो पॉल रॉबसन, इयागो तेव्हाचा हागेनचा नवरा होझे फेरेर, दिग्दर्शन मार्गारेट वेब्स्टर या बाईंचं. १९ ऑक्टोबरला शूबर्ट थिएटरात पडदा उघडला आणि २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरचं कोणतंही नाटक ब्रॉडवेवर सलग इतकं चाललेलं नाही, अजूनही. मग देशभर दौरा. जिथे गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवतात त्या थिएटरात खेळणार नाही, अशी रॉबसनची अटच होती.

ती रॉबसनच्या प्रेमात पडली, लग्न मोडलं. यावर लिहिणाऱ्यांनी पानंच्या पानं भरली आहेत. मला त्यात रस नाही. रस यात आहे की रॉबसनशी असलेली ही जवळीक आणि तिची डावी मतं सात वर्षांनी तिच्या अंगावर आली. जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली, त्यात रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयाखाली छापलेली. तिचं नाव त्यात. रॉबसनचा तर त्याच वर्षी पासपोर्टच काढून घेतला. कोर्ट नाही, शिक्षा नाही. फक्त स्टुडिओतून फोन येणं बंद.

रंगभूमीवर मात्र फोन येत राहिले. 'कंट्री गर्ल' ही त्याच वर्षीची, हे कागदावर तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या तेव्हा लक्षात आलं. एका हाताने यादीत नाव घातलं आणि दुसऱ्या हाताने टोनी दिलं, तोच देश, वर्षाच्या आत.


गुरुवार

आज तालीम नव्हती. कपडे वाळत घातले, पोळ्यांची कणीक भिजवली आणि तिचं १९७३ चं पुस्तक पुन्हा उघडलं. 'रिस्पेक्ट फॉर अ‍ॅक्टिंग'. पुढे तिलाच हे पुस्तक नकोसं झालं. लोक त्याचा चुकीचा अर्थ घेतात म्हणून तिने १९९१ मध्ये दुसरं लिहिलं. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाला नावं ठेवणारी माणसं मला आवडतात. मधल्या काळात तिने स्वयंपाकाचंही एक पुस्तक लिहिलं आहे, तेही मिळवायचं आहे.

सिनेमाची दारं लागली तेव्हा ती शिकवत होतीच. हर्बर्ट बर्गहॉफने १९४५ मध्ये अभिनयाची शाळा काढली होती, १९४७ पासून ती तिथे शिकवू लागली, पुढे त्याच्याशीच लग्न केलं. ग्रीनिच व्हिलेजमधल्या बँक स्ट्रीटवरचा एचबी स्टुडिओ तो हाच. जेराल्डिन पेज तिच्याकडे शिकली, मॅथ्यू ब्रॉडरिक शिकला. २००४ मध्ये ती गेली, स्टुडिओ चालू आहे.

आधी मला तिची दया यायची. आता, खरं सांगायचं तर, हेवा वाटतो. ती स्वतःच पुढे म्हणायची की त्या यादीमुळे आपण शुद्ध राहिलो. मला हे पूर्ण पटत नाही. अन्याय झालेल्या माणसाने अन्यायाचे आभार मानले की ऐकणारे जरा जास्तच लवकर सुटकेचा श्वास टाकतात. पण बाकीचं दिसतं आहे: शहात्तराव्या वर्षी, १९९५ मध्ये, ती 'मिसेस क्लाइन' नाटकात उभी होती.

माझी अडचण अशी आहे की आमच्या एकांकिकेत माझी बाई तिसऱ्या प्रवेशात प्यायलेली आहे. मी आयुष्यात बीअरचा घोटसुद्धा घेतलेला नाही. दिग्दर्शक पोरगा चांगला आहे, पण त्याच्या डोक्यात दारू म्हणजे झुलणं. "मावशी, अजून झुला." मी झुलते. मागे बसलेली पोरं हसतात आणि ते हसणं नाटकाला नाही, मला असतं.

हागेन म्हणते, प्यायलेला माणूस झुलायला बघत नाही, तो सरळ उभं राहायला बघतो. शरीरात एकच जागा धर, तिथे काय होतंय ते आठव आणि त्यावर मात करायचा प्रयत्न कर. अनुभव नसेल तर आपल्याच आयुष्यातला दुसरा कुठला तरी तिथे आणून बसव.

कणकेचे हात तसेच ठेवून मी विचार करत उभी राहिले. मला गाडी लागते. लहानपणी कोकणात जाताना घाट सुरू झाला की मी आईच्या मांडीवर लिंबू हुंगत पडायचे. मान ताठ, जीभ टाळ्याला चिकटलेली, नजर पुढच्या सीटच्या दांड्यावर रोखलेली. कोणी बोललं तर उत्तर द्यायचं, पण मान हलवायची नाही. हलवली की संपलं.


शनिवार, उशिरा

तिसरा प्रवेश आला. मी झुलले नाही. मनात वळणं घेतली, टेबलाच्या कडेला नजर लावली आणि जावेशी बोलायची सगळी वाक्यं मान न हलवता म्हटली. पेला उचलायचा होता तो दोन्ही हातांनी उचलला, कारण एका हाताची खात्री नव्हती. हे ठरवलेलं नव्हतं.

मागची पोरं गप्प होती. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, तुम्ही झुलला नाहीत." मी म्हटलं, "नाही." तो वहीत काहीतरी लिहीत राहिला. मग म्हणाला, "पेल्याचं ठेवा."

त्यानंतर खरंच मळमळायला लागलं. जावेचं काम करणारी मुलगी पर्समधून लिमलेटची गोळी काढून देत म्हणाली, "काकू, बसने जाऊ नका, मी सोडते गाडीने." मी चालत आले.