घोसाळ्याचं अपडेट : दिवस ७१, आणि पाचवा वेल कडू निघाला

मागच्या वेळी रडत होते ना की नुसती नरफुलंच येतायत, ते टेन्शन संपलं. नरफुलं आधी येतातच, ती पण झुपक्याने. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागे बोटाएवढं घोसाळं आधीच चिकटलेलं असतं, त्यामुळे ओळखायला सोपं. माझ्याकडे पहिलं ४८व्या दिवशी दिसलं. घोसाळ्याची फुलं सकाळी उमलतात आणि शेजारच्या दोडक्याची संध्याकाळी, म्हणजे मी दोन शिफ्टमध्ये ब्रश घेऊन फिरत होते, आता मधमाश्या यायला लागल्यात तर सकाळची ड्युटी सुटली.

तोडायचं फूल उमलल्यापासून आठवडाभरात. नख सहज रुतलं पाहिजे. एक पानामागे लपून राहिलं ते आता अंग घासायच्याच कामाचं.

आता मुद्द्याचं. चार वेल पाकिटातल्या बियांचे, पाचवा माझ्या गेल्या वर्षीच्या घोसाळ्याच्या बीचा. परवा पाचव्याची पहिली दोन घोसाळी काढली, बाकीच्यांची तीन, सगळी एकदम चिरली आणि मग सवयीने एक फोड जिभेला लावली. आपलं घोसाळं कच्चं खाल्लं तर काकडीसारखं, किंचित गोडसर लागतं. हे गोडच लागलं. पण दुसरी फोड लावली आणि बाप रे, थुंकून चूळ भरली तरी घशातून कडूपणा जाईना. आणि चिरलेल्यात कुठली फोड कुठल्या वेलाची कळायला मार्ग नाही, त्यामुळे अख्खी परात टाकली. आता नियम एकच, प्रत्येक घोसाळ्याची देठाकडची चकती आधी चाखायची, कडू लागली तर थुंकायची आणि ते घोसाळं टाकायचं, नाही लागली तरच ते चिरायला घ्यायचं.

कारण शोधलं तर माझंच कर्म निघालं. गेल्या वर्षी कुंपणावर एक रानटी कडू वेल आपोआप उगवला होता, फुलं छान म्हणून मी ठेवला. मधमाश्यांनी तिकडचा पराग इकडे आणला. त्या वर्षीची घोसाळी गोडच लागली कारण गर आईच्या झाडाचा असतो, भेसळ बीमध्ये गेली आणि ती यंदा बाहेर पडली. पाणी कमी पडलं किंवा फार ऊन लागलं तरी कडूपणा वाढू शकतो, पण बाकीच्या चारही वेलांना तेवढंच पाणी होतं हो.

सासूबाई म्हणाल्या, "अगं कडू म्हणजे औषधी, कारलं नाही का खात आपण?" त्यांना सांगितलं, आई, कारलं कडू असणं हे त्याचं नॉर्मल आहे, घोसाळं कडू लागलं तर काहीतरी बिघडलंय. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा. शिजवून जात नाही, मीठ-साखर टाकून फक्त लपतो. पोटात कळा, उलट्या, जुलाब, जास्त गेलं तर रक्तदाब घसरतो, रक्तही पडू शकतं, आणि यावर उतारा असा काही नाही, लगेच डॉक्टरकडे जाऊन काय खाल्लं ते सांगायचं. २०१५ मध्ये जर्मनीत एका ७९ वर्षांच्या आजोबांचा बागेतली कडू झुकिनी (घोसाळ्याच्याच कुळातली भाजी) खाऊन मृत्यू झाला, बायकोने कडू लागते म्हणून थोडीच खाल्ली, ती वाचली.

म्हणूनच काहीजण सकाळी रिकाम्यापोटी घोसाळ्याचा कच्चा ज्यूस पितात, तो मला अजिबात पटत नाही. तीन-चार फळं एका ग्लासात, नाक दाबून घटाघट, आणि कडू लागलं तर उलट खूश! घोसाळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, १०० ग्रॅममागे साधारण २० कॅलरी, पोटाला हलकं, एवढं पुरेसं नाही का? रक्त शुद्ध होतं वगैरे मी तरी म्हणणार नाही.

भाजी मात्र जमायला लागली. साल कोवळी असते, सुरीने नुसती खरवडायची. चिरून ठेवलं तर काळं पडतं, म्हणून कढई तापल्यावरच चिरते (चाखून!). पाणी घालायचं नाही, मोठ्या आचेवर परतायचं आणि मीठ शेवटी, नाहीतर भाजीचं सूप होतं. कढईभर फोडींची वाटीभर भाजी होते, मीठ आधी अंदाजाने टाकलं की खारट झालीच म्हणून समजा.

पाचवा वेल मुळासकट उपटला. पुढच्या वर्षीच्या बीसाठी आदल्या संध्याकाळी एका मादी कळीला आणि एका नर कळीला मलमलची पिशवी बांधली, सकाळी हाताने पराग लावला, परत पिशवी. फळ धरलंय, देठाला लाल दोरा. ते वाळून खुळखुळ वाजेपर्यंत वेलावरच राहायला हवं, आणि सासूबाई रोज विचारतायत की एवढं छान कोवळं आहे, तोडत का नाहीस.