दार आपटण्याआधीचे सहा सेकंद

त्या दिवशी मिक्सिंगला, म्हणजे सिनेमातले सगळे आवाज जुळवून बसवायला, माझ्याकडे आलेला सीन साधाच होता. रात्री स्वयंपाकघरात एकटी बाई, पाठीमागे माजघराचं अर्धवट उघडं दार, आणि शेवटी ते धाडकन आपटतं. बघताना कुणी दचकत नव्हतं. दिग्दर्शक म्हणाले, ‘‘दाराचा आवाज वाढवा.’’ पण दाराआधी बराच वेळ व्हायोलिन चढत होतं आणि कान त्या पातळीला सरावले होते. आवाज किती मोठा एवढ्यावरच दचकणं ठरत नाही. आधीची शांतता किती खोल होती, यावरही ठरतं.

मी संगीत म्यूट केलं आणि परिसरातल्या आवाजांचे, म्हणजे अ‍ॅम्बियन्सचे थर एकेक करून काढायला घेतले. रातकिडे चार सेकंदांत हळूहळू खाली. मग पंखा. फ्रिजची घरघर मात्र अशी हळूहळू कमी, म्हणजे फेड, केली नाही. कॉम्प्रेसर बंद होताना जशी थरथरून थांबते, तशीच थांबवली. फ्रिज फ्रेममध्ये दिसत होता, म्हणून हे जमलं. आवाज जाण्याला पडद्यावर कारण असलं की आमची करामत जाणवत नाही, कान मात्र टवकारले जातात.

पुढचे सहा सेकंद नुसता रूम टोन, म्हणजे शांत खोलीचा स्वतःचा बारीक आवाज, शूटिंगच्या वेळी त्याच खोलीत रेकॉर्ड केलेला. इथे ट्रॅक कोरा ठेवू नये. थिएटरमध्ये आवाज पूर्ण गेला की लोकांना सिस्टिम बिघडल्यासारखी वाटते आणि बांधलेला ताण तिथेच सुटतो.

संकलनात आपटण्याआधी दाराचा क्लोजअप होता. तो काढायला मी आग्रहच धरला, कारण क्लोजअप म्हणजे धोका कुठून येणार याची आगाऊ वर्दी. वाइड शॉट धरून ठेवला की बाईच्या मागचा अंधार प्रेक्षक स्वतःच चाचपत राहतो.

दाराला तीन थर दिले: लाकडाचा ठोका, कडीचा खणखणाट आणि सबवूफरसाठी (अगदी खालच्या स्वरांचा स्पीकर) 40 हर्ट्झच्या आसपासचा दणका. एकूण पातळी आधीच्या मिक्सपेक्षा 4 डेसिबलने कमी ठेवली, तरी शेजारी बसलेला सहायक खुर्चीत उडाला. सिंक करताना, म्हणजे आवाज चित्राशी जुळवताना, तो चित्राच्या पुढे-मागे सरकवून पाहिला. सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबात सुमारे 14 मीटर अंतर कापायला आवाजाला एक फ्रेम लागते, त्यामुळे मागच्या रांगांसाठी एक फ्रेम आधी ठेवणं सोयीचं पडलं.

मोबाइलसाठीचा मिक्स वेगळा करावा लागला. त्या स्पीकरमधून 40 हर्ट्झ ऐकूच येत नाही, म्हणून तिथे कडी वर आणली आणि लाकडाच्या ठोक्यातला 300 हर्ट्झच्या वरचा भाग उचलला.