माघवारी आणि पोटाचा हिशेब

वारीत पोटाची आबाळ होते असं म्हणणारा माणूस वारीला गेलेलाच नसतो. सोलापूरहून पंढरपूरला चालत निघालेल्याला वाटेत एवढं खायला घालतात की वजन वाढवून घरी परतलेले माळकरी मी पाहिलेत. शहराची हद्द ओलांडायच्या आत चहा, पोहे, केळी, बिस्किटांचे पुडे, परत चहा, बुंदी. तिऱ्ह्याच्या अलीकडे एका वस्तीवर गरम शिरा. देणारा हात जोडून उभा असतो. "घ्या की माउली, एवढं एक घ्या." आता प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

मी एसटीत कंडक्टर आहे. आमच्या धंद्यात जेवणाची वेळ गाडी ठरवते. मुक्कामी गाडी असली की रात्री साडेदहाला जेवण, पहाटे पाचला चहा-टोस्ट, आणि मध्ये गाडी थांबेल तिथं वडा नाहीतर भजी. गेल्या वर्षी रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाला आणि वेळेवर खा, म्हणाले. रजा टाकून मी पेठेतल्या दिंडीत नाव दिलं. चालणं तर होणारच होतं, वेळेवर खाण्याचा मात्र भरवसा नव्हता.

आमची वाट तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा अशी. आषाढीची गर्दी या वाटेला माघात नसते. पहाटे अंगावर शाल लागते आणि अकराला डोकं तापतं. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी उभी, कणसं भरलेली, हुरड्याचे दिवस सरत आलेले.

दिंडीत आमच्या पुढच्या रांगेत डोक्यावर तुळस घेऊन एक आक्का चालायच्या. सत्तरी ओलांडलेली, पाय काटक. त्या कुठल्याच ताटाला नको म्हणत नव्हत्या आणि खातही नव्हत्या. पहिल्या दिवशी मला हे कोडं उलगडलं नाही. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. समोर शिऱ्याचा द्रोण आला की दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा, चिमूटभर तोंडात टाकायचं आणि द्रोण मागच्या पोराच्या हातात द्यायचा. ते पोर खुश, देणाराही खुश.

मी विचारलं, "आक्का, पोट भरतं का हो तुमचं?"

"पोट दिंडीच्या पंगतीत भरायचं रे बाबा. वाटंवर नुसता मान ठेवायचा. सगळ्यांचं खात बसलं तर पंढरपूर यायच्या आधी दवाखाना येतो."

मग मीही सुरू केलं. चहाचं मात्र जड गेलं. तिकिटांचा हिशेब ठेवायची सवय असल्यामुळे चहाचाही ठेवला. वाटेवरच्या एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. पाच कप झाले की पन्नास ग्रॅमच्या घरात. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५च्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वारीत पाच चहा तर न्याहारीपर्यंतच होतात. मी सकाळचा एक आणि चारचा एक एवढाच ठेवला. बाकीच्या ठिकाणी "माउली, ताक आहे का?" असं विचारायला लागलो. गावात ताक नाही असं घर सापडत नाही. मीठ आणि जिरेपूड टाकलेलं ताक उन्हातून आल्यावर चहापेक्षा कितीतरी कामाचं, कारण घामातून गेलेलं पाणी आणि मीठ एकाच पेल्यात परत मिळतं.

पंगतीबद्दल सांगायलाच हवं. दिंडीचा ट्रक पुढं जातो, आचारी दहाच्या आत चूल पेटवतात. दुपारी ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी, एक पालेभाजी आणि शेंगाचटणी. आमच्या दिंडीत कांदा-लसूण चालत नाही, त्यामुळे चटणी जिऱ्याची. पण दाणे तेल सुटेपर्यंत कुटलेले. सोलापुरात वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार! पण फिरतीच्या माणसाला याहून चांगलं ताट मला तरी माहीत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तितकाच चोथा असतो. लायसिन नावाचं अमिनो आम्ल ज्वारीत कमी पडतं, ते डाळीत भरपूर. शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिनं, वर तेल, त्यामुळे चमचाभर चटणीनंही भूक दबते. सकाळी पोहे खाल्ले की दोन तासांत पोट ओरडायचं, भाकरी-आमटीवर मात्र संध्याकाळचा मुक्काम यायचा. रात्री भाकरी आणि हुलग्याचं माडगं. दिवसभर चाललेल्या पायांना रात्री जड जेवण झेपत नाही. तरण्या पोरांना पटत नव्हतं. ती गावात जाऊन भजी हाणून यायची आणि पहाटे टमरेल शोधत फिरायची.

भाताचं एक राहिलं. वाटेत दुपारी कुणी पातेलंभर मसालेभात आणून दिला तर आमचे आचारी आधी 'कधीचा?' म्हणून विचारतात. सकाळी शिजवून कोमट पातेल्यात झाकून ठेवलेल्या भातात जंतू वाढतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की भात परत गरम केला तरी जात नाही. आचाऱ्यांना जंतूचं नाव माहीत नाही, पण नियम पक्का: भात वाफेचा असेल तरच. पाण्याचंही तसंच. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे, घाटावर पाय सोडून बसलं की शीण उतरतो. तिथं नदीत अंघोळ करावी, पाणी पिऊ नये. पिण्याचं पाणी टँकरचं, त्यात क्लोरीनच्या गोळ्या. एका मृदंगवाल्याला हगवण लागली तेव्हा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो ट्रकमध्ये बसून आला, तिसऱ्या दिवशी गळ्यात मृदंग.

मंगळवेढ्यात माझा नियम मोडला. हे दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात बादशाही कोठारं उपाशी लोकांसाठी उघडणाऱ्या माणसाच्या गावात हात आखडता घ्यायचा कसा? शिवाय ज्वारीचंही गाव. इथल्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावाबाहेरच्या एका रानात मालकानं आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली की हिरवे दाणे उरतात. सोबत दही, गूळ, शेंगाचटणी. गूळ बाजूला ठेवला आणि बाकी पोटभर खाल्लं. हुरडा जास्त झाला तर पोट फुगतं, म्हणून मालकिणीनं वर तांब्याभर ताक पाजलं. पुढचे दोन-अडीच तास चालताना मला भुकेची आठवण झाली नाही.

एकादशीची मला खरी धास्ती होती. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे काही उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचा जवळजवळ नुसता स्टार्च, बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा. त्याची तुपातली खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर खजूर. साखर काठावर असलेल्यानं हा उपास करण्यापेक्षा जेवलेलं बरं. मी उकडलेलं रताळं, वाटीभर भगर, दाण्याची आमटी आणि दुपारी राजगिऱ्याची भाकरी एवढ्यावर दिवस काढला. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र माझं ऐकू नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच उपास करावा. आमच्या दिंडीतल्या एका काकांना विणेकऱ्यांनीच सकाळी बसवून भाकरी खायला लावली. विठोबा काय रागावणार आहे का, असं म्हणाले.

बारशीला पुरणपोळी होती. आक्कांनी दोन घेतल्या, वर तुपाची धार. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"काय बघतोस? ही आपल्या पंगतीतली हाय. वाढ अजून एक."