डोरा भरला की गाठ

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला. लेख हवा म्हणाले आणि विषयही सांगून टाकला: 'शाळेत मिळालेले अध्यात्माचे धडे'. आता आली का पंचाईत! आपल्या शाळेत अध्यात्म असायचं ते शनिवारी सकाळी, पाठांतराच्या रूपात, आणि ग्वाल्हेरच्या डिसेंबरात ते दात वाजवत पार पडायचं. शिवाय दाराशी सुविचाराचा फळा होता. अक्षर बरं म्हणून तो लिहायचं काम आठवीपासून थेट अकरावी बोर्डापर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, माझ्याकडे होतं. इतके थोरामोठ्यांचे विचार या हाताने लिहिले, पण आज आठवतो तो एकच. माझ्या वर्गातल्यांनाही तोच आठवत असेल, कारण त्यावरून मुख्याध्यापकांच्या खोलीतून बोलावणं आलं होतं.

आमचे गणिताचे सर प्रार्थनेला हात मागे बांधून उभे राहायचे. डोळे उघडे. 'देव मानत नाहीत' अशी त्यांच्याबद्दल ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांत कुजबुज होती. चिटणीसांच्या गोठीत, म्हणजे त्या नावाच्या वस्तीत, राहणारी माझी आजी म्हणायची, "हुशार आहे हो, पण..." आणि पुढचं सुपारीबरोबर गिळून टाकायची. तर हे सर एका सकाळी वर्गात आले आणि म्हणाले, "वह्या घ्या. पेन्सिली घ्या. किल्ल्यावर जाऊन राहिलोय आपण."

उरवाईच्या बाजूने गाडी वर जाते. सरांनी आम्हाला ग्वाल्हेर दरवाजातून पायी नेलं. गूजरी महाल मागे पडला, चढ सुरू झाला, पोरं सास-बहूच्या देवळाच्या आणि मानमंदिराच्या गप्पा मारायला लागली. पण तिथवर जायचंच नव्हतं. गणेश दरवाजा ओलांडल्यावर वाटेच्या कडेला खडकातच कोरून काढलेलं एक छोटंसं देऊळ आहे, चतुर्भुजाचं. इतकं छोटं की सगळा वर्ग एका वेळी आत मावेना. पाच-पाच जण आत, बाकीचे बाहेर उन्हात. आत भिंतीवर शिलालेख. सरांनी टॉर्च तिरपा धरला तेव्हा अक्षरं वर आली. सरळ उजेडात ती दिसतच नव्हती.

लेख आहे संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. कनौजच्या मिहिरभोजाचं राज्य होतं आणि अल्ल नावाचा त्याचा किल्लेदार इथे होता. लेखात आहे काय? फुलबागेसाठी दिलेली जमीन, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. माळ्यांनी देवाला रोज ५० माळा द्यायच्या. दिव्याच्या तेलाची जबाबदारी तेल्यांवर. बस. हिशोब आहे सगळा. पण त्या २७० मध्ये आणि ५० मध्ये शून्य आहे, आजच्यासारखंच गोल, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा अंगाने बारीक. दगडावर कोरलेली आणि साल नोंदलेली इतकी जुनी शून्यं आपल्या देशात फार थोडी आहेत. ती बघायला कुठून कुठून विद्वान ग्वाल्हेरला येतात, आणि आम्ही तिथून जन्मभर पतंग लुटायला वर जात होतो.

सरांनी शून्याचा महिमा सांगितला नाही. कुणीतरी पोरगा पुढे होऊन म्हणाला, "शून्याला एकट्याला किंमत नाही, पण दुसऱ्याच्या शेजारी बसलं की..." सर म्हणाले, "ते निबंधात लिही." मग विचारलं, "ज्याने हे कोरलं त्याला काय वाटत असेल? आपण काय कोरतोय?" बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मागून एक मुलगी म्हणाली, "त्याला बागेचं माप चुकायला नको होतं, सर." सर खूश झाले. इतके खूश आम्ही त्यांना निकालाच्या दिवशीही पाहिले नव्हते.

तिथेच बाहेर दगडावर बसून गणितं घातली. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, साधारण दीड फूट. म्हणजे बाग ४०५ फूट लांब, २८० फूट रुंद, अडीच एकरांच्या थोडी वर. रोज ५० माळा, तर वर्षाला १८,२५०. आणि शेवटचं गणित: एका माळेत किती फुलं? ते लेखात नाही. सर म्हणाले, "ते उद्या विचारून या. ज्याला माहीत असेल त्याला विचारा."

आम्ही तिघी अचलेश्वराला गेलो. भर रस्त्यात देऊळ, दोन्ही बाजूंनी टांगे आणि सायकली, आणि कडेला फुलवाल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या मालनीसमोर वह्या उघडून उभ्या राहिलो. तिचं बोट चालूच होतं: झेंडू, झेंडू, पान, झेंडू. आमच्याकडे न बघताच ती म्हणाली, "गिनते थोड़ी हैं बिटिया. डोरा भर जाए तो गाँठ मार देते हैं."

वर्गात बाकी सगळ्यांनी आकडे आणले होते. कुणी ४०, कुणी १०८ (हे अर्थात घरी आजोबांना विचारून). आम्ही मालनीचं वाक्य वाचून दाखवलं. सरांनी ते मला दाराशी फळ्यावर लिहायला सांगितलं, हिंदीतच, जसंच्या तसं. मी ठळक अक्षरात लिहिलं. दुपारी बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे वचन कुणाचं? खाली नाव का नाही? सर शांतपणे म्हणाले, "अचलेश्वराबाहेरच्या मालनीचं. पोरींकडून नाव विचारायचं राहिलं." मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाक्य शनिवारपर्यंत फळ्यावर राहिलं.

धडा कसला मिळाला हे सरांनी कधीच सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रोजच्या प्रत्येक गोष्टीत धडा शोधत फिरणाऱ्यांचा मला जरा कंटाळाच येतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर पहाटे पाचपासून त्यांची वर्दळ असते. चहा गाळतानाही त्यांना जीव आणि ब्रह्म दिसतं. चहा नीट गाळावा, गाळणीत पत्ती राहील, कपात चहा येईल. कोरणाऱ्याने बागेचं माप नीट कोरलं. शून्याचं कौतुक करायचं काम पुढच्यांचं.

पुढे मला महालेखाकार कार्यालयात नोकरी लागली. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको, प्रत्येक घरातलं कुणीतरी 'एजी ऑफिस'मध्ये असतंच. राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणं तिथे यायची. सर्व्हिस बुक उघडायचं, वेतनवाढी जुळवायच्या, रजेच्या नोंदी बघायच्या. झाबुआकडच्या कुठल्या गावचा शिक्षक, मंडल्याचा वनरक्षक, त्याच्यामागे त्याची बायको. निष्काम कर्म वगैरे शब्द मला कधी पेलले नाहीत. हातातली फाईल पुरी झाली की गाठ मारायची आणि मगच पुढची ओवायला घ्यायची, एवढं मात्र पाळलं. किती झाल्या याची वही काही सहकारी ठेवायचे. मी ठेवली नाही. संध्याकाळी डोकं हलकं असायचं, आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावताना दुसरं काही आठवायचं नाही. ही शांतता मला शनिवारच्या पाठांतरातून कधी मिळाली नव्हती. पाठांतराचा दोष नाही, थंडीचा असेल.

अध्यात्म म्हटलं की ग्वाल्हेरकराला आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. तानसेन समारोहाची सकाळ. हजीऱ्याला मुहम्मद ग़ौसच्या मकबऱ्याशेजारी तानसेनची लहानशी कबर, तिथे आधी सनई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण. संध्याकाळची मोठी गाणी ऐकायला सगळे जातात. आई मला सकाळी न्यायची, कारण सकाळी बसायला जागा मिळते. कीर्तनकार आणि मौलवी एकाच सतरंजीवर पाळीपाळीने बसायचे. कुणी त्याला एकता वगैरे म्हणायचं नाही, तो फक्त कार्यक्रमाचा क्रम होता. आईचं सगळं लक्ष शाल नीट गुंडाळण्याकडे. एकदा मी विचारलं, हे असं का? ती म्हणाली, "असंच असतं. बस खाली, मागच्यांना दिसत नाही."

आता काम. अमृत महोत्सवाचे कार्यक्रम ठरवताय, तर हे एक धरा. नववी-दहावीच्या मुलांना चतुर्भुज मंदिरात न्या. ग्वाल्हेर दरवाजाकडून, पायी, सकाळी लवकर. कुलूप असलं तर काय, म्हणून पुरातत्त्व खात्याला आधी पत्र द्या. टॉर्च न्या, आणि तिरपा धरा. मग खाली येऊन २७० हात बाय १८७ हातांची बाग प्रत्यक्ष आखून दाखवा. शाळेच्या मैदानात ती मावणार नाही, मी बाहेरून पावलांनी मोजून पाहिलंय. मेळा मैदान घ्यावं लागेल, मेळा उठल्यावर. दोरी आणि चुना शाळेच्या कोठारात असतील. नसतील तर मला आदल्या दिवशी कळवा, मी दाल बाजारातून घेऊन येते. आणि हात कुणाचा धरायचा, मोठ्या मुलाचा की लहानाचा, हे मुलांनाच भांडू द्या.